दोन रिंगांची मोटर

ती मोटर फिरायलाच नको होती. आत्यानं तसं सांगितलं होतं, आणि मोटरीच्या बाबतीत आत्या बोलली की विषय संपला, हे आमच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्फाच्या कारखान्यातल्या त्या दणकट लोखंडी चाकासमोर आतोबा उकिडवे बसले होते. डावा हात पाठीला, उजव्या मुठीत मीटरच्या दोन्ही पिना, टोकं दोन पितळी रिंगांना टेकवलेली. आत्या म्हणाली, "दे." कारखान्याच्या स्विचवाल्यानं हँडल खाली ओढलं. निळा-पांढरा लोळ उठला, ओलं फडकं फाडावं तसा आवाज झाला, आणि ते हत्तीएवढं चाक सावकाश, आळस दिल्यासारखं हललं. हललं म्हणजे फिरायला लागलं. स्विचवाल्यानं घाबरून हँडल वर फेकलं, तरी चाकाचे दोन फेरे पुरे झाले. आतोबा पाठीवर पडले होते आणि त्यांच्या बोटांतून धूर निघत होता.

आत्या चाकाकडं बघत होती. नवऱ्याकडं नाही.

"ही फिरली कशी?" ती म्हणाली.

बाईनं आधी नवऱ्याकडं धावायला हवं होतं, असं मागाहून पुष्कळजण बोलले. बोलणारे तिथं नव्हते. मी होतो, आणि मीसुद्धा चाकाकडंच बघत होतो.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. आतोबा तिचे यजमान. जळलेल्या मोटरी पुन्हा भरून द्यायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, त्यांचं दुकान. पाटीवर नाव आतोबांचं, पण गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "बाई आहेत का?" बाई नसल्या तर बाहेर थांबायचं. मी लग्नानंतर गाव सोडून त्यांच्या हाताखाली आलो. दोन लेकरांचा बाप झालो तरी आत्या मला चारचौघांत "ए खुळ्या" म्हणूनच हाक मारायची, आणि मी ओ द्यायचो.

मोटरीचं निदान करायचं काम आत्याचं. मोटर आली की ती स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक बेरिंगला लावायची. जळक्या वार्निशचा वास घेऊन सांगायची, ही एका फेजवर चालून मेली, ही पाण्यानं मेली, ही मालकाच्या हलगर्जीनं मेली. शेवटचं कारण गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची. भरायचं काम आतोबांचं. त्यांची बोटं लांब, नखं मुळापर्यंत घासलेली, तारेवरच्या वार्निशला ओरखडा जाऊ नये म्हणून. लेकराला झबलं घालावं तशी ते कॉइल स्लॉटमध्ये घालायचे, धक्का नाही, घाई नाही. बाजारात दुसऱ्या वाइंडरांच्या मोटरी गरम होऊन परत यायच्या. आमच्याकडून गेलेली सहसा परत यायची नाही.

आतोबांचं बोलणं म्हणजे दोन शब्द. "हं" आणि "बरं". हं म्हणजे ऐकलं, बरं म्हणजे करतो. आत्या दिवसभर "अहो, धरा", "अहो, फिरवा", "अहो, तिकडून नव्हे, इकडून" असा त्यांना मान देऊन राबवायची. इतका मान देऊन कुणी कुणाला दामटताना मी दुसरीकडं बघितलं नाही.

एकदा एक गिरणीवाला नवी मोटर घेऊन भांडायलाच आला. म्हणे पाटीवर चौदाशे चाळीस फेरे लिहिलेत, दुकानदार तर म्हणाला होता पंधराशेची मोटर. साठ फेरे कुणी खाल्ले?

आत्यानं त्याला स्टुलावर बसवलं. उघडी मोटर समोर ओढली.

"हे बघ. या बाहेरच्या कॉइलींना तीन फेज येतात. एक जोर धरते, मग दुसरी, मग तिसरी. त्यामुळं या पोकळीत एक चुंबक गोल फिरतं. दिसत नाही, पण फिरतं, मिनिटाला पंधराशे. आतल्या रोटरला कुणी वीज देत नाही. त्यात नुसते गज, दोन्ही टोकांना कड्यांनी बांधलेले. ते चुंबक गजांवरून सरकत जातं म्हणून गजांत वीज उठते. वीज उठली की रोटरसुद्धा चुंबक होतो आणि त्या फिरत्याच्या मागं पळतो. कळलं?"

"कळलं."

"आता हा पळत पळत त्याच्या बरोबरीला आला, तर ते चुंबक गजांवरून सरकेल का?"

गिरणीवाल्यानं डोकं खाजवलं. "नाही सरकणार."

"मग गजांत वीज उठेल?"

"नाही."

"मग जोर कुठून आणायचा? तुझ्या खिशातून? म्हणून थोडी मागं राहते. मागं राहते म्हणूनच चालते." आणि आतोबांकडं हनुवटी उडवून म्हणाली, "आमच्या घरात पण तेच आहे."

गिरणीवाला हसला. आतोबाही हसले आणि म्हणाले, "हं."

आमच्या दुकानात येणाऱ्या सगळ्या मोटरी याच जातीच्या, इंडक्शनच्या. ज्या जरा मोठ्या असतात त्यांच्या रोटरवर गजांऐवजी कॉइली, आणि कॉइलींची टोकं तीन पितळी रिंगांवर बाहेर काढलेली. रिंगांवर कार्बनचे तुकडे घासत बसतात, त्यांतून वर्तुळ पुरं होतं. असल्या मोटरी तपासायची आमची एक ठरलेली रीत होती. कार्बन उचलायचे, रिंगा मोकळ्या सोडायच्या, बाहेरच्या कॉइलींना वीज द्यायची आणि रिंगांवर मीटर धरायचा. रिंगा मोकळ्या म्हणजे रोटरचं वर्तुळ तुटलं. वर्तुळ तुटलं म्हणजे आत वीज वाहत नाही, जोर येत नाही, मोटर गुणगुणत जागेवर उभी. तिन्ही रिंगांत सारखे व्होल्ट दिसले की रोटर चांगला. आत्या म्हणायची, "रिंगा मोकळ्या सोडल्या, की रोटर झोपला." असे झोपलेले रोटर आम्ही किती बघितले त्याला गणती नाही. मीटर आतोबा धरायचे. दोन्ही पिना एकाच मुठीत आणि दुसरा हात पाठीला, कारण दोन हातांनी धरलं आणि काही झालं तर वीज छातीतून जाते. ही सवय त्यांच्या उस्तादानं त्यांना छडी मारून लावली होती.

तर असे आम्ही, आणि असं आमचं ज्ञान. त्या ज्ञानावर आमचं सगळं छान चाललं होतं.

बर्फाच्या कारखान्याचा मॅनेजर आला तेव्हा रडकुंडीला आला होता. कॉम्प्रेसरची मोटर उठते, पळते, पण शेवटी गुरगुरायला लागते आणि स्विच पाडते. जुना ऑपरेटर घरी बसलेला, नव्या लोकांना त्या मोटरीचं काही ठाऊक नाही, साचे रिकामे, बाहेर मासळीवाले शिव्या देतायत.

आम्ही गेलो. कारखान्याचं इंजिनघर म्हणजे भिंतींना ओल, पायाखाली सतत पाणी, अमोनियाचा वास नाकात झोंबणारा. मधोमध ती मोटर. मी असली मोटर पहिल्यांदाच बघत होतो, आणि आत्याही, हे मला तिच्या चालण्यावरून कळलं. ती एरवी मोटरीजवळ जाऊन तिच्यावर थाप मारते. इथं तिनं नुसती एक फेरी मारली. रोटर म्हणजे माणसाच्या डोक्यापर्यंत पोचणारं चाक, त्याच्या कडेला दातांसारखे लोखंडी पोल बाहेर आलेले, एकेका पोलला जाड कॉइल गुंडाळलेली. शाफ्टवर दोन रिंगा. आणि शाफ्टच्या टोकाला एक पिटुकला डायनामो.

"हे पिल्लू काय करतं?" आत्यानं विचारलं.

"ते रोटरला डी.सी. देतं म्हणे," मॅनेजर म्हणाला. "एक्सायटर म्हणतात. मला एवढंच माहीत आहे."

मी विचारलं, "आत्या, रिंगा दोनच कशा?"

"तिसरी कुणीतरी भंगारात घातली असेल," ती म्हणाली. सगळे हसले. ती काही बावळट नव्हती. डी.सी.ला जायला एक आणि यायला एक, दोनच रिंगा पुरतात, हे तिला तिथल्या तिथं कळलं होतं. पण "ही जात मी उघडलेली नाही" हे वाक्य तिच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर तसं म्हणण्यापेक्षा तिनं शटर ओढून घेतलं असतं. तिनं मनात हिशेब केला: रोटरला कॉइली आहेत, टोकं रिंगांवर आहेत, कॉइल आतून तुटली असेल. तपासायची रीत आपल्याकडं आहेच. एक्सायटरच्या वायरी सोडवा, कार्बन उचला, रिंगा मोकळ्या करा. रोटर झोपेल.

आतोबा तेवढ्या वेळात बॅटरी घेऊन चाकाजवळ वाकले होते. पोलच्या तोंडाशी उजेड पाडून काहीतरी निरखत होते. बोटानं चाचपलं. पुन्हा निरखलं.

"अहो, तिथं काय हुडकताय? इकडं धरा," आत्या म्हणाली.

"बरं," आतोबा म्हणाले.

आत्यानं काळजी घेतली नाही असं नाही. स्टार्टर सगळ्यांत कमी व्होल्टवर लावायला सांगितला. कॉम्प्रेसरचा दाब सोडायला लावला. मग म्हणाली, "दे."

बर्फाच्या कारखान्यात माणूस भाजला, आणि जो तो बर्फ घेऊन धावतोय. कुणीतरी ओरडलं, भाजल्यावर बर्फ लावू नका, पाणी घाला. सगळे हातात बर्फाचे तुकडे घेऊन तसेच उभे. आतोबा शुद्धीवर होते. चेहरा चुन्यासारखा. मी त्यांना टेंपोत घातलं तेव्हा ते आपल्या हाताकडं बघत होते, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. आत्याच्या हातात दवाखाना येईपर्यंत तो मीटर होता, काच फुटलेला, वितळलेला. तो तिच्या हातातून सोडवायला मला तिची बोटं एकेक करून उघडावी लागली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आडपडदा न ठेवता बोलल्या. "बाहेरून बोटं भाजलेली दिसतात. वीज आतून जाळत जाते, ते किती खोल गेलंय हे आज कळणार नाही. रोज उघडून बघावं लागेल. हात राहतो की मनगटापासून काढावा लागतो, ते बघत बघत ठरेल."

मनगटापासून. आतोबांचा उजवा हात म्हणजे आमचं दुकान. पण मला तेव्हा दुकान आठवलं नाही. त्यांचा तो बोटं न वाजवता, आवाज न करता कॉइल दाबायचा ढंग आठवला.

आत्या बाहेरच्या बाकावर बसली ती बसलीच. चहा दिला, तो तिच्या हातात थंड झाला. भेटायला येणारे येत होते, बोलत होते, जात होते. तिची नजर समोरच्या भिंतीवर. माझी आई आली. नणंद-भावजयींचं तसं फारसं पटायचं नाही, पण आई तिच्याजवळ टेकली आणि म्हणाली, "वन्सं, रडा तरी. मोकळं वाटेल."

"रडून काय कळणार आहे?" आत्या म्हणाली. "मोटर फिरली कशी ते सांग."

"मला घरातला मिक्सर धड लावता येत नाही. मी काय सांगू?"

"कार्बन उचललेले होते. मी स्वतः उचलले. रिंगा मोकळ्या होत्या. मोकळ्या रिंगांवर मोटर फिरते कशी? आणि कमी व्होल्टवर दिली होती, तर मीटर फुटतो कसा?" तिनं आईचा दंड धरला. "मी कितीदा तरी हेच केलंय गं. कितीदा तरी यांच्या हातात दिलंय."

आईनं माझ्याकडं बघितलं. जिच्या शब्दावर आम्ही तारेला हात लावायचो, ती बाई भिंतीला प्रश्न विचारत होती. मला माझ्याच हातांची भीती वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याचा जुना ऑपरेटर आला. बाराही महिने गळ्याला मफलर, म्हणून सगळे त्याला गारठा म्हणत. जन्म त्याच मोटरीजवळ गेलेला. झालेली गोष्ट त्याच्या कानावर अर्धवटच आली होती. तो आत्यासमोर उभा राहिला.

"कार्बन उचलले होते?"

"हो."

"रिंगा मोकळ्या?"

"हो."

"आणि वरून वीज दिली?"

"हो."

गारठा बाकावर बसला नाही, कोसळला. "माणूस जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग देवालाच त्याचं काही काम असेल. बाई, अहो, त्या रिंगा मोकळ्या सोडून कुणी बटण दाबलं तर त्याला आम्ही इंजिनघरातून हाकलायचो. दोन-अडीच हजार व्होल्ट उठतात तिथं."

"पण मोटर तर चारशेची," मी म्हणालो.

"बाहेरून चारशे. पण त्या चाकावरच्या कॉइलींचे वेढे मोज. शेकड्यांनी आहेत. बाहेरचं चुंबक त्यांच्यावरून भिरभिरत जाणार, आणि तू टोकं मोकळी ठेवणार. वेढे जितके जास्त तितके व्होल्ट जास्त. म्हणून उठवताना रिंगांच्या मध्ये एक जाड रेझिस्टन्स जोडलेला असतो. जे उठेल ते त्यातून वाहून जावं. तुम्ही कार्बन उचललेत आणि नेमका तोच सुटला."

आत्या पहिल्यांदाच त्याच्याकडं वळली. "ती फिरली कशी? रोटर झोपायला हवा होता."

"तुमच्या जातीचा रोटर झोपतो. ही जात वेगळी. सिंक्रोनस." गारठ्यानं मफलर सैल केला. "तुमची मोटर उसनी वीज घेऊन चालते. फिरत्या चुंबकाच्या मागं राहिली तरच तिला वीज मिळते. हिला स्वतःचं चुंबक आहे. डी.सी. दिली की तिचा एकेक पोल पक्का चुंबक होतो आणि बाहेरच्या फिरत्या चुंबकाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतो. तसूभरही मागं नाही. ओझं टाका, काढा, वेग तोच. तुमच्या मोटरीवर ओझं वाढलं तर ती थोडी मंदावते, सोसते. ही मंदावत नाही. नुसती ताणून धरते, आणि फारच झालं तर एकदम सुटते. सुटली की अख्खं इंजिनघर हादरतं."

"मग सुरू कशी होते?" आत्यानं विचारलं. "चाक उभं, आणि ते चुंबक गरागरा फिरतंय. चिकटणार कसं?"

"तेच तर. आपण होऊन होत नाही. उभ्या चाकाला ते चुंबक क्षणात पुढं ओढतं आणि क्षणात मागं. चाक नुसतं थरथरतं. म्हणून पोलच्या तोंडाशी तांब्याचे गज घातलेत. थेट तुमच्या मोटरीसारखे, दोन्ही बाजूंनी बांधलेले. त्या गजांच्या जोरावर ती तुमच्यासारखी मागं मागं राहत उठते. पुरेसा वेग आला की मग डी.सी. द्यायची. एक हिसका बसतो आणि जोडी जुळते." तो थांबला. "उठताना तुमची, पळताना माझी."

आत्या म्हणाली, "गज होते."

"होते म्हणजे काय, आहेत."

"मी रिंगाच बघितल्या," आत्या म्हणाली. "मी गज बघितलेच नाहीत."

गारठा जाता जाता कारखान्यात डोकावला, आणि संध्याकाळी मॅनेजर मूळ बिघाड सांगायला आला. तो सांगताना त्याचीच जीभ अडखळत होती. त्या पिटुकल्या एक्सायटरचा एक कार्बन त्याच्या खोबणीत अडकून बसला होता. डी.सी. तयारच होत नव्हती, म्हणून मोटर वेगावर येऊनही चिकटत नव्हती, गुरगुरत होती. गारठ्यानं चाकूच्या टोकानं खोबण खरवडली आणि कार्बन सुटला. एवढंच होतं. रोटरला काही म्हणजे काही झालं नव्हतं. आता मात्र झालं होतं, आमच्या लोळानं रिंगांजवळचं सगळं इन्सुलेशन जळालं होतं.

चाकूचं टोक. आत्या उठून नळावर गेली आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभी राहिली.

हात रोज उघडून बघत होते. रोज आम्ही डॉक्टरीणबाईंच्या तोंडाकडं बघत होतो. अखेर त्या म्हणाल्या, हात राहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मात्र काढावी लागली, अंगठा वळेल की नाही ते पुढं दिसेल. चाक फिरलं म्हणूनच पिना रिंगांवरून उडाल्या आणि सुटका झाली, नाहीतर हात गेलाच असता. आणि दुसरा हात पाठीला नसता तर हे बघायला आतोबा राहिले नसते.

बोटं काढल्यावर आतोबांना बरं वाटायला लागलं. आत्या त्यांच्या उशाशी बसली आणि गारठ्यानं सांगितलेलं सगळं सांगायला लागली. आतोबा "हं, हं" करत होते. गजांचा विषय निघाला तसे म्हणाले, "हं. दिसले होते."

आत्या पुढं बोलत होती. दोन वाक्यं पुढं गेल्यावर तिची जीभ थांबली. "काय दिसले होते?"

"गज. पोलच्या तोंडाशी. बॅटरीत दिसले. चाचपून बघितले."

"कधी?"

"तू धरा म्हणालीस त्याच्या आधी."

"गज असले की रोटर झोपत नाही. मोटर फिरणार, हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळलं."

"मग धरलंत का?"

आतोबांना प्रश्नच समजला नसावा असं त्यांचं तोंड झालं. "तू म्हणालीस, धरा."

खोलीत शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा कण्हायचा थांबला. कारखान्यात आत्या हबकलेली मी बघितली होती. ते काहीच नव्हतं. आता तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसलं, वरून खाली, पडदा ओढावा तसं.

"भीती नाही वाटली, आतोबा?" मी विचारलं. कुणीतरी बोलायला हवं होतं.

"वाटली ना. म्हणून तर डावा हात पाठीशी घट्ट धरला."

"आजवर किती वेळा?" आत्या म्हणाली.

"काय किती वेळा?"

"तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही बोलला नाहीत. असं किती वेळा?"

आतोबा खरोखरच आठवायला लागले. छताकडं बघून. ते नाही म्हणतील, थट्टेवारी नेतील, असं मला वाटलं होतं. ते आठवत होते. आठवता आठवता त्यांनी डाव्या हाताची बोटं मोजायला घेतली, ती संपली, आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. आत्या उठून बाहेर गेली. मी मागं गेलो तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली.

"खुळ्या," ती म्हणाली, "मला वाटायचं पटतं म्हणून गप्प बसतात."

मलाही तेच वाटायचं. सगळ्या बाजाराला तेच वाटायचं.

थोड्या वेळानं ती आत गेली आणि खाटेपाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजपासून तुम्ही तोंडानं सांगितल्याशिवाय मी कुठलाही स्विच देणार नाही."

"बरं."

"बरं म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"



जळलेलं इन्सुलेशन बदलायला बाजारातला दुसरा कुणी हात लावेना. झालेली गोष्ट सगळ्यांच्या कानावर गेली होती. मॅनेजर पुन्हा आमच्याच दारात. आत्या म्हणाली, मी त्या इंजिनघरात पाय टाकणार नाही. आतोबा हात गळ्यात बांधून बसले होते. म्हणाले, "जाऊ." बस, एवढंच. पण हा शब्द त्यांच्या दोन शब्दांतला नव्हता, आणि आत्यानं पिशवी उचलली.

काम आत्यानं केलं. आम्ही सगळे तोंडात बोटं घालून बघत होतो, कारण तिची बोटं जाड, जोरकस, इन्सुलेशनचा कागद बसवायच्या कामाची नाहीतच. आतोबा शेजारी स्टुलावर. बराच वेळ ते नुसते बघत होते. मग अवघडून, कुणा परक्या माणसाच्या घरी पाणी मागावं तसे म्हणाले, "तो कागद दुमडलाय."

आत्यानं काढला आणि पुन्हा बसवला.

"अजून आहे."

पुन्हा काढला. घामाचे थेंब तिच्या नाकावरून रिंगेवर पडत होते आणि ती ते पदरानं पुसत होती. आतोबांनी तिला त्या दिवशी कितीदा तरी अडवलं, आणि दर वेळी तिच्या कपाळावरची शीर उडालेली मला दिसली. पण दर वेळी तिनं कागद काढून पुन्हा बसवला.

मग सुरू करायची वेळ आली. गारठा डी.सी.च्या खटक्यापाशी, स्विचवाला हँडलपाशी. सगळी माणसं भिंतीपर्यंत मागं सरली. आत्यानं आतोबांकडं बघितलं. आतोबांनी मान हलवली. तिनं तोंड उघडलं, पण "दे" काही म्हणेना.

"थांब," आतोबा म्हणाले.

सगळे गार. आतोबा सावकाश चाकापर्यंत गेले, रेझिस्टन्सची वायर बघितली, कार्बन बघितले, परत आले.

"काय दिसलं?" आत्यानं कसंबसं विचारलं.

"काही नाही."

"मग थांब का म्हणालात?"

"बघत होतो, थांबतेस का."

आत्या शेजारच्या बर्फाच्या साच्यावर मटकन बसली. गारठा हसायला लागला आणि खोकायला लागला. आतोबा हसले नाहीत. ते खरंच बघत होते. मग स्विचवाल्याकडं वळून म्हणाले, "दे."

स्विचवाल्याला मागच्या खेपेला आत्यानं सांगितलं होतं. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना?"

चाक हललं. जड, कण्हत, मग पळायला लागलं, मग त्याचे पोल दिसेनासे झाले. गुरगुर वाढत गेली, जमीन थरथरायला लागली, आणि गारठ्यानं खटका ओढला. एक हिसका, आणि गुरगुर कापल्यासारखी बंद. इतकं मोठं धूड एकसारख्या सुरात फिरायला लागलं, की कानाला ते थांबल्यासारखंच वाटलं. जन्मभर मागं राहणाऱ्या मोटरी ऐकलेली आत्या तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मॅनेजरनं टाळी वाजवायला हात वर केले.

"लागली ना बरोबर?" आत्यानं आतोबांना विचारलं.

आतोबांनी मान तिरकी केली. ऐकलं.

"नाही," ते म्हणाले. "पलीकडचं बेरिंग ओरडतंय."

गारठा म्हणाला, काही ओरडत नाही, मी जन्मभर ऐकलंय हिला. मॅनेजर म्हणाला, आता कुठं साचे भरायला घेतलेत. आत्या उठली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगवर टेकवलं, मुठीला कान लावला. डोळे मिटून लावला. तिच्या तोंडावरून मला कळलं, तिला काहीही ऐकू येत नव्हतं.

ती सरळ उभी राहिली.

"बंद कर," ती स्विचवाल्याला म्हणाली.